स्वभावाला औषध नाही; पण थायरॉईडला आहे!

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. सून आळशी वाटू लागली, मुलगा चिडका झाला, सासरे विसरभोळे झाले, की आपण एक सुस्कारा सोडतो आणि ही म्हण म्हणून मोकळे होतो. म्हण काही खोटी नाही. मुळात तिरसट असलेल्या माणसाला गोड करणारी गोळी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. पण माझ्या दवाखान्यात अधूनमधून अशी माणसे येतात, की ज्यांच्या ‘स्वभावा’ला खरोखर औषध असते. घरच्यांनी त्यांना आळशी, भांडखोर किंवा वेडे ठरवलेले असते, आणि दोष असतो गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा. आजच्या लेखात आपण या ग्रंथीची आणि तिच्या स्रावाचा आपल्या वागण्यावर होणाऱ्या परिणामाची माहिती घेऊ.

वळू आणि बैल

शरीरातील स्रावांचा वागण्याशी संबंध असतो, हे आपल्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. एकाच गोठ्यातले दोन गोऱ्हे घ्या. एक वळू म्हणून सोडला आणि दुसरा वेळेवर खच्ची केला. चारा तोच, मालक तोच. पण एक शिंगे रोखून अंगावर येतो आणि दुसरा मुकाट्याने मान जुवाखाली देतो. फरक पडला तो वृषणातून रक्तात मिसळणारा स्राव बंद झाल्यामुळे.

जर्मनीतील गॉटिंगेन येथे १८४९ साली आर्नोल्ड बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने हाच प्रयोग कोंबड्यांवर केला. वृषण काढलेले कोंबडे आरवेनात, भांडेनात, त्यांचा तुराही वाढेना. मग त्याने काही कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले. ते पूर्वीच्या जागी नव्हते, त्यांच्या मूळच्या नसा तुटलेल्या होत्या. तरीही ते कोंबडे पुन्हा आरवू लागले, भांडू लागले. म्हणजे निरोप नसांतून नव्हे, तर रक्तातून जात होता. अशा रक्तातून जाणाऱ्या निरोप्यांना १९०५ साली इंग्लंडमधील अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ज्या शब्दावरून ते आले त्याचा अर्थ चालना देणे, प्रेरणा देणे. म्हणूनच मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

माणूस म्हणजे बैल किंवा कोंबडा नव्हे. आपल्याला विचार आहे, संस्कार आहेत, लाजलज्जा आहे. त्यामुळे संप्रेरके आपल्याला कळसूत्री बाहुलीसारखी नाचवत नाहीत. पण ती मनाची पट्टी वर-खाली करतात. रस्ता ओलांडताना ट्रक अंगावरून जाता जाता वाचलो, की छाती धडधडते, हात कापतात आणि पुढची दहा मिनिटे आपण कोणावरही खेकसतो. हे काम ॲड्रेनॅलिनचे. इन्सुलिनचे इंजेक्शन घेतलेला मधुमेही वेळेवर जेवला नाही, की त्याची साखर उतरते आणि तो दारू प्यायल्यासारखा बरळतो, हट्ट करतो, प्रसंगी हात उगारतो. त्याला रागावण्याऐवजी, तो शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी पाजावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

हे झाले काही मिनिटांचे खेळ. थायरॉईडचा खेळ मात्र महिनोन् महिने चालतो, आणि म्हणूनच तो ओळखू येत नाही.

गळ्यातील फुलपाखरू

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या थोडे खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात, पण आता थायरॉईड हाच शब्द सर्वांच्या तोंडी आहे. ही ग्रंथी अन्नातून आलेले आयोडीन वापरून दोन संप्रेरके तयार करते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, त्याला टी-४ म्हणतात. दुसऱ्यात तीन, त्याला टी-३ म्हणतात.

ही संप्रेरके शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीला कामाचा वेग ठरवून देतात. चुलीतला जाळ मागे-पुढे करावा तसे. हृदयाने मिनिटाला किती ठोके द्यायचे, आतड्यांनी किती वेगाने काम करायचे, अंगात किती ऊब राहायची, हे त्यावर अवलंबून असते. मेंदूही याला अपवाद नाही. मेंदूत टी-४ चे टी-३ होते आणि मनाची उभारी, झोप, स्मरण, लक्ष यांच्याशी निगडित रसायनांवर त्याचा परिणाम होतो. जाळ कमी झाला की मेंदू मंदावतो. जास्त झाला की तडतडू लागतो.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची देखरेख असते. ती टीएसएच नावाचे संप्रेरक पाठवून थायरॉईडला कामाला लावते. रक्ताचा अहवाल वाचताना वाचकांचा नेहमी येथेच घोटाळा होतो. ‘डॉक्टर, टीएसएच वाढले आहे म्हणजे थायरॉईड जास्त झाले ना?’ असे ते विचारतात. उत्तर नेमके उलटे आहे. टीएसएचला कामावरचा मुकादम समजा. मजूर ढिला पडला, की मुकादम ओरडू लागतो. मजूर गरजेपेक्षा जास्त राबू लागला, की मुकादम गप्प बसतो. म्हणून बहुतेक वेळा टीएसएच वाढलेले म्हणजे थायरॉईडचे काम कमी, आणि टीएसएच फार उतरलेले म्हणजे थायरॉईडचे काम जास्त.

जाळ मंदावतो तेव्हा

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘डॉक्टर, हिला काहीतरी ताकदीचं द्या. दिवसभर लोळत असते. चार हाका मारल्या तरी ओ देत नाही. भाजीत एकदा मीठ टाकलेलं विसरून पुन्हा टाकते.’ सून मान खाली घालून बसली होती. नवरा तिला माहेरी नेऊन सोडण्याच्या गोष्टी करू लागला होता.

मी सासूबाईंना विचारले, ‘लग्नाला किती वर्षं झाली?’ ‘नऊ.’ ‘पहिल्यापासून अशीच आहे का?’ सासूबाई क्षणभर थांबल्या. ‘नाही हो. पाचला उठून सडा-रांगोळी करून शेतावर जायची. पूर्वी अशी नव्हती.’

वाचकहो, ‘पूर्वी अशी नव्हती’ हे शब्द डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. जो जन्मभर असतो तो स्वभाव. वर्ष-सहा महिन्यांत जो बदल झाला, तो स्वभाव नसून लक्षण असू शकते.

पुढे विचारत गेल्यावर बाकीचे धागे जुळले. वैशाखातही तिला चादर लागत होती. जेवण कमी होऊनही वजन वाढले होते. केस गळत होते, कातडी कोरडी पडली होती, शौचाला साफ होत नव्हते, पाळीत अंगावरून जास्त जात होते. आवाज घोगरा आणि चेहरा, विशेषतः डोळ्यांखाली, सुजल्यासारखा. रक्त तपासले तेव्हा टीएसएच साठच्या पुढे होते. गोळी सुरू केली, ठरल्या वेळी रक्त तपासून मात्रा वाढवली. चार महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आता तीच मला हाका मारते!’

थायरॉईडचे काम कमी होणे हा आजार आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांतील प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांत तो आढळला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी जास्त दिसतो. आता विचार करा. घरातील कामाचा बोजा बाईवर, आणि आजारही बाईलाच जास्त. कामाला हात चालेनासा झाला, की पहिला शब्द येतो तो ‘आळशी’.

उतारवयात हाच आजार विसरभोळेपणाच्या रूपाने येतो. आजोबा बोलता बोलता डुलक्या घेतात, हिशेब चुकतात, कोपऱ्यात बसून राहतात. घरचे म्हणतात, म्हातारपण आले. विसरण्याची कारणे अनेक असतात आणि सगळीच बरी होणारी नसतात. पण थायरॉईड हे त्यांतले उपचार करता येण्याजोगे कारण आहे, म्हणून ते आधी तपासून घ्यावे.

वेड्यांच्या इस्पितळातून घरी

फार दिवस उपचार झाले नाहीत, तर क्वचित माणसाला भास होऊ लागतात, घरचे आपल्यावर विष घालतील असे संशय येतात. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४९ साली अशा १४ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. मानसिक रोगी समजल्या गेलेल्या या माणसांचे खरे दुखणे थायरॉईडचे होते, आणि त्यांपैकी बहुतेक थायरॉईडचे औषध दिल्यावर सुधारले.

या लेखात ॲशर यांनी ए. जे. क्रोनिन यांच्या ‘द सिटाडेल’ या १९३७ सालच्या कादंबरीची आठवण करून दिली होती. क्रोनिन स्वतः डॉक्टर होते. खाणकामगारांच्या वस्तीतील एका माणसाला वेड लागल्याचा दाखला देण्यासाठी तरुण डॉक्टरला बोलावतात. तो त्याचा सुजट चेहरा आणि कोरडी कातडी पाहून थायरॉईडचे निदान करतो आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळापासून वाचवतो, असा प्रसंग तीत आहे. देव आनंदचा १९७१ सालचा ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला होता.

या आजारावरचा उपचार त्याहून जुना आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांनी १८९१ साली एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. मरणाची वाट पाहणारी ती स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली. तिच्या औषधासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनी पुढे दिला. आज तेच काम रोजची एक लहानशी गोळी करते, आणि तीही फार महाग नाही.

जाळ भडकतो तेव्हा

आता दुसरी बाजू. एक शाळामास्तर माझ्याकडे आले. मुलांना छडी न लावणारे म्हणून गावात त्यांचा लौकिक होता. गेल्या सहा महिन्यांत ते वर्गात ओरडू लागले होते, एका मुलाला मारल्यावरून पालकांची तक्रार गेली होती. फळ्यावर लिहिताना हात थरथरे, म्हणून ‘गुरुजी प्यायला लागले’ अशी कुजबुज सुरू झाली होती. गुरुजींनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्यांचे वजन आठ किलोने उतरले होते, आणि भूक मात्र दुप्पट झाली होती. थंडीतही पंखा हवा असे. रात्री झोप नाही. नाडी बसल्या जागी मिनिटाला ११८. हात पुढे करून बोटे पसरायला सांगितली, तर बोटांना बारीक कंप. थायरॉईडचे काम फार वाढले होते. औषधे सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत जुने गुरुजी परत आले. ज्या मुलाला मारले त्याच्या घरी ते आपण होऊन गेले आणि त्याच्या आई-वडिलांशी बोलले, हे मला नंतर कळले.

थायरॉईड वाढला, की शरीर ॲड्रेनॅलिनला जास्त प्रतिसाद देऊ लागते. वर ट्रकचे उदाहरण दिले, तशी अवस्था दिवसरात्र राहते. माणूस उगीचच घाबरतो, रडतो, भांडतो, एका जागी बसत नाही. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या एका वीस वर्षांच्या रुग्णाच्या तक्रारींनाही आधी हिस्टेरियाच समजले गेले होते. आजही तरुण मुलीची छाती धडधडू लागली, की ‘लग्न करून द्या, बरी होईल’ असा सल्ला देणारे भेटतात. सल्ल्याआधी रक्त तपासावे.

वृद्धांत हाच आजार फसवा असतो. तडतड करण्याऐवजी ते उलट गप्प होतात, खंगत जातात, नाडी अनियमित होते. म्हणून विनाकारण वजन उतरणाऱ्या वृद्धांचीही ही तपासणी करावी.

बाळंतीण आणि ‘गुणी बाळ’

बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरांतील साधारण पाच स्त्रियांना थायरॉईडचा दाह होतो. आधी काही आठवडे ग्रंथीतील साठा रक्तात सांडतो, तेव्हा बाई चिडचिडी होते, झोप उडते. मग साठा संपतो आणि ती मलूल होते, रडते, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही. बाळंतपणानंतरचे औदासीन्य थायरॉईडशिवायही येते, आणि त्यालाही उपचार लागतातच. पण रक्त तपासल्याशिवाय दोन्हींत फरक कळत नाही. बाळंतीण जिवाचे बरे-वाईट करण्याची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा बोलू लागली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. तिला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आता बाळाकडे वळू. ‘आमचं बाळ फार गुणी. रडतच नाही. सारखं झोपलेलं असतं,’ असे कौतुक ऐकले, की मी जरा सावध होतो. बहुतेक बाळे खरोखरच शांत असतात. पण काही बाळे थायरॉईड कमी असल्यामुळे शांत असतात. देशात झालेल्या पाहणीनुसार साधारण अकराशे जन्मांमागे एका बाळाला हा जन्मजात दोष असतो. कावीळ लवकर न उतरणे, दूध ओढायला कंटाळणे, शौचाला खडा होणे, जीभ मोठी असणे, बेंबी बाहेर येणे ही त्याची चिन्हे. ही चिन्हे दिसेपर्यंत मेंदूचे नुकसान सुरू झालेले असू शकते. म्हणून जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतील थेंबभर रक्ताची तपासणी करून घ्यावी. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक बाळे इतर मुलांसारखीच शिकतात, खेळतात. वेळ गेली तर हरवलेली बुद्धी नंतरच्या कोणत्याही औषधाने पूर्ण परत येत नाही. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही ठेवा.

शाळेतील मुलांबाबतही दोन शब्द. उंची वाढायची थांबली आणि मूल अभ्यासात मागे पडले, किंवा अक्षर बिघडून मूल एकाएकी वांड झाले, तर मार देण्याआधी गळ्याकडे पाहावे.

मिठाचे ऋण

गर्भातील बाळाची ग्रंथी साधारण तीन महिन्यांनंतर काम सुरू करते. तोवर त्याचा मेंदू आईच्या संप्रेरकावर वाढतो. म्हणून गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरते, गरोदर स्त्रीला २५० लागते. १५० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? सत्तर वर्षांचे सगळे आयोडीन एकत्र केले, तरी ते चार ग्रॅम भरणार नाही! पण ते रोज मिळावे लागते.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीनयुक्त मीठ पुरवून पाहिले. जेथे ते दिले तेथे काही वर्षांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले, जेथे साधे मीठ राहिले तेथे ते उतरले नाही. त्यातून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या घरी येणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा नियम आहे. तेव्हा गरोदर सून असलेल्या घरात तरी सुटे खडेमीठ रोजच्या स्वयंपाकाला वापरू नये. पिशवी फोडली की मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे. अर्थात आयोडीनयुक्त मीठ म्हणजे जास्त मीठ नव्हे.

एक खुलासा येथे केला पाहिजे. आज प्रौढांत थायरॉईड कमी होण्याचे मोठे कारण आयोडीनचा अभाव हे नसून, शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते हे आहे. जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. हा आजार मिठाने टळत नाही आणि मिठाने बराही होत नाही. त्याला गोळीच लागते.

गोळी घेणाऱ्यांसाठी

थायरॉईड कमी असणाऱ्यांनी गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. गुण हळूहळू येतो. शरीर काही आठवड्यांत हलके वाटू लागते, मन पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे. दिवस राहिले तर गोळी बंद करू नये. उलट बहुधा ती वाढवावी लागते, म्हणून लगेच डॉक्टरांना भेटावे.

थायरॉईड वाढल्याची औषधे घेणाऱ्यांनी ताप आणि घसादुखी एकदम सुरू झाली, तर ती साधी समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल का, असे अनेक जण विचारतात. हाशिमोतोच्या आजारात बहुतेकांना घ्यावी लागते. बाळंतपणानंतरच्या दाहात पुष्कळदा ती पुढे बंद करता येते. कोबी-फुलकोबी सोडायची का? शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. वजन उतरवण्यासाठी शेजारणीची गोळी घ्यावी का? मुळीच नाही. थायरॉईड चांगला असताना ही गोळी घेतली, तर हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात.

सगळे खापर थायरॉईडवर नको

हा लेख वाचून उद्या प्रत्येक भांडणानंतर कोणी रक्त तपासायला धावू नये. बहुतेक राग, बहुतेक रडणे आणि बहुतेक थकवा यांची कारणे साधी असतात. अपुरी झोप, कर्ज, रक्तातील लोह कमी असणे, घरातला छळ. दिवसाचे सोळा तास राबणारी बाई थकली, तर तिला गोळीआधी विश्रांती आणि कामात हात द्यावा. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याने थायरॉईडची ढाल पुढे करू नये. आणि टीएसएच ठीक आले म्हणून ‘तुला काही झालेलं नाही, नाटक करतेस’ असे कोणाला म्हणू नये. मनाचे आजारही खरे आजार आहेत. त्यांना डॉक्टर आहेत, औषधे आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी तर अधूनमधून थायरॉईड तपासावाच, कारण त्या औषधाने तो कमी होऊ शकतो. मात्र ते औषध मनाने बंद करू नये.

घरातील कोणाच्या वागण्यात काही महिन्यांत ठळक बदल झाला असेल, तर स्वतःला पाच प्रश्न विचारा. वजन कारण नसताना वाढले किंवा उतरले आहे का? इतरांपेक्षा थंडी किंवा उकाडा जास्त जाणवतो का? नाडी फार मंद किंवा फार जलद आहे का? शौचाच्या किंवा पाळीच्या सवयीत बदल झाला आहे का? गळ्याला पुढून सूज दिसते का? यांतील दोन-तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर डॉक्टरांना दाखवून टीएसएच तपासून घ्या.

माणसाला नावे ठेवायला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण ती सहज ठेवतो. एकदा ‘आळशी’ किंवा ‘वेडी’ हे नाव चिकटले, की आजार बरा झाल्यावरही ते लवकर निघत नाही. तेव्हा नाव ठेवण्याआधी तपासणी करावी, एवढीच वाचकांना विनंती.

पुढील आठवड्यात मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी, ते पाहू.